‘ताई, तू जूनची का जानेवारीची?’ : क्षेत्रकार्याच्या अहवालाचं एक वाचन

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाचं नाव पत्रिकेत जरा भारदस्त छापलंय. ‘बालकल्याण संस्थांमधील विद्यार्थी आंतरवासिता आणि समुदाय सहभाग’. यातला एकही शब्द वस्तीत कोणी वापरत नाही. कॉलेजात आम्ही याला फिल्डवर्क म्हणतो, कागदावर क्षेत्रकार्य लिहितो. संस्थेचे लोक ‘इंटर्न’ म्हणतात. आणि संस्थेतली लेकरं म्हणतात ‘नवीन ताई’, ‘नवीन दादा’. मी स्वतः आधी अशी नवीन ताई होते, नंतर बरीच वर्षं अशा नवीन तायांचे अहवाल तपासत आले. तेव्हा आज जी टीका करणार आहे, ती बाहेरून केलेली नाही. तिचा बराचसा भाग माझ्यावरच येतो.

सुरुवात एका प्रश्नानं करते. मी एम.एस.डब्ल्यू. करत होते. एका बालगृहात माझं क्षेत्रकार्य. पहिला दिवस. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा जवळ आला. त्यानं माझ्या वहीकडे बघितलं, गळ्यातल्या आयकार्डाकडे बघितलं आणि विचारलं, “ताई, तू जूनची का जानेवारीची?” मला काही कळेना. मी म्हटलं, “मी डिसेंबरची. माझा वाढदिवस डिसेंबरात असतो.” तो हसायला लागला. म्हणाला, “तसं नाय. जूनवाल्या परीक्षेपर्यंत असतात. जानेवारीवाल्या होळीपर्यंतच.”

म्हणजे बघा, त्याच्याकडे आमची वर्गवारी तयार होती. कोणाशी किती बोलायचं, कोणाला काय सांगायचं, हे तो त्या वर्गवारीवरून ठरवत होता. आमच्याकडे मात्र त्याच्या बाजूची एकही नोंद नव्हती. किती ताया आल्या, किती गेल्या, प्रत्येकीनं त्याला पहिल्यापासून सगळं परत सांगायला लावलं का, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. विद्यार्थी समाजात जातो तेव्हा विद्यार्थ्याला काय मिळालं याचा हिशेब आपण अगदी तासावर ठेवतो. ज्यांच्याकडे तो गेला त्यांना काय मिळालं आणि काय गमवावं लागलं, याचा हिशेब ठेवायला आपल्या अहवालात रकानाच नाही.

हे आत्ताच बोलायचं कारण आहे. आजवर हा प्रकार मुख्यतः समाजकार्याच्या कॉलेजांपुरता होता. नवीन शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे कला, वाणिज्य, विज्ञान, सगळ्या पदवी अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंग, फिल्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट हे शब्द आले. प्रत्यक्ष कामाचा एक श्रेयांक म्हणजे 30 तास. दोन श्रेयांकांचे झाले 60. आठवड्याला दोन दिवस, चार-चार तास धरले तर साडेसात आठवडे. आता कॉलेजं विद्यार्थ्यांना पाठवायला संस्था शोधतायत, आणि लहान मुलांसाठी काम करणारी संस्था सगळ्यांच्या मनात पहिली येते. मुलं गोड असतात, फोटो चांगले येतात, आणि मुलं तक्रार करत नाहीत. हे शेवटचं कारण कोणी बोलून दाखवत नाही.

थोडा मागचा भाग सांगते, फार नाही. शिकलेल्या माणसानं गरिबाच्या घरी जायचं, मैत्रीनं बोलायचं आणि त्याला सुधारायचं, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंड-अमेरिकेतल्या धर्मादाय संस्थांची. मेरी रिचमंड यांनी 1899 मध्ये अशा गृहभेटींवर हातपुस्तिकाच लिहिली. तिथून समाजकार्याचं शिक्षण उभं राहिलं. आपल्याकडे ते मुंबईत नागपाड्याला आलं. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट तिथं नागपाडा नेबरहुड हाऊस चालवत होते. 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक. 1944 पासून आपण त्याला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखतो. शाळा वस्तीतच होती, हा मुद्दा लक्षात ठेवा. विद्यार्थी वस्तीत ‘भेट’ द्यायला जात नव्हता, त्याचा वर्गच तिथं होता.

यावरची टीकाही जुनीच. 1968 मध्ये इव्हान इलिच यांनी मेक्सिकोत सेवा करायला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर उभं राहून त्यांना जवळजवळ हाकलून लावलं. तुमचा हेतू चांगला आहे हे मला मान्य आहे, पण त्या हेतूनं काही सिद्ध होत नाही, असा त्यांचा रोख. 2009 मध्ये रँडी स्टोकर आणि एलिझाबेथ ट्रायन यांनी अमेरिकेत एक पुस्तक संपादित केलं. त्यात विद्यार्थ्यांना नाही, तर विद्यार्थी ज्यांच्याकडे जातात त्या संस्थांना विचारलं होतं. अल्पमुदतीचे विद्यार्थी बऱ्याचदा मदतीपेक्षा ओझं होतात, हे तिथल्या संस्थांनी सांगितलं. तरी त्या विद्यार्थ्यांना घेतात, कारण शिकवणं हेही आपलं काम आहे असं त्यांना वाटतं. आपल्याकडच्या संस्थेतल्या एखाद्या समाजसेविकेला चहा पाजून विचारा, वेगळं उत्तर मिळणार नाही.

आता अहवालाकडे येऊ. हा वाङ्मयप्रकारच आहे असं मी मानते, आणि त्याची समीक्षा कोणी करत नाही, कारण मार्क देऊन झाले की तो कपाटात जातो. त्याची भाषा ठरलेली असते. ‘प्रस्तुत विद्यार्थिनीने वस्तीत जनजागृती केली.’ ‘प्रस्तुत विद्यार्थिनीने समुपदेशन केले.’ ‘मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’ वाक्यांचे कर्ते कोण आहेत ते बघा. विद्यार्थिनी करते, घेते, राबवते, समजावते. मुलं काय करतात? प्रतिसाद देतात. चाळीस पानांच्या अहवालात मुलगा स्वतःहून काही करतो, असं वाक्य शोधून सापडत नाही. सापडलंच तर तो पळून जातो, मारामारी करतो किंवा शाळा बुडवतो. म्हणजे मुलाला क्रियापद मिळतं ते फक्त ‘समस्या’ या मथळ्याखाली.

दुसरा शब्द, गृहभेट. ‘दहा गृहभेटी दिल्या.’ मराठीत भेट म्हणजे गाठ पडणं, आणि भेट म्हणजे नजराणासुद्धा. आपण भेट ‘देतो’. मग दिलं कोणी आणि घेतलं कोणी? ज्या बाईकडे आपण गेलो तिनं धुण्याभांड्यांच्या दोन कामांमधला अर्धा तास दिला, शेजारणीकडून खुर्ची आणून दिली, पाणी दिलं, नवरा कधी वारला ते परत एकदा सांगितलं. देणारी ती होती. अहवालात मात्र देणारी विद्यार्थिनी आहे.

एकदा मी विद्यार्थिनींबरोबर एका वस्तीत गेले होते. मुलींनी सर्वेक्षणाचा फॉर्म काढला. घरातली माणसं किती, उत्पन्न किती, मुलं शाळेत जातात का. एक आजी दारात बसल्या होत्या. म्हणाल्या, “बाई, तुमच्या आधीच्या पोरींनी हेच विचारलं होतं. त्याचं काय झालं ते आधी सांगा, मग मी पुढचं सांगते.” आम्ही चौघी गप्प. आधीच्या मुलींचा अहवाल आमच्याच विभागाच्या कपाटात होता. त्याला ‘अ’ श्रेणी मिळाली होती. ती मीच दिली होती.

तिसरी गोष्ट म्हणजे कारणमीमांसा. मुलगा शाळेत का जात नाही? ‘पालकांचे अज्ञान.’ ‘वडिलांची व्यसनाधीनता.’ ‘शिक्षणाबाबत उदासीनता.’ कारण नेहमी घरात सापडतं, कारण विद्यार्थिनी घरातच गेलेली असते. ती तहसील कचेरीच्या खिडकीसमोर उभी राहिलेली नसते, म्हणून तिच्या अहवालात खिडकी येत नाही.

आणि चौथी गोष्ट जास्त गंभीर. ‘व्यक्ती अध्ययन’ नावाचं प्रकरण. नाव बदललेलं असतं, मान्य. पण गावाचं नाव असतं, शाळा असते, वडील कुठल्या कारखान्यात होते ते असतं, आणि मुलीवर काय गुदरलं ते सविस्तर असतं. शेवटी फोटो. चेहरा पुसलेला, मागे पाटी स्पष्ट. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नं अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई केलीय. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता कपाटातला अहवाल त्या कलमात बसतो की नाही, यावर वकील वाद घालतील. घालू देत. कलमामागचा हेतू आपल्याला समजतो ना? त्या मुलीच्या आयुष्यातली सर्वांत खासगी गोष्ट आपल्या बाइंडिंग केलेल्या पानांत का असावी? तिच्या फायद्यासाठी नाही. आपली विद्यार्थिनी ‘खोलात गेली’ हे परीक्षकाला दिसावं म्हणून.

आता ‘समुदाय सहभाग’ या शब्दाकडे वळते. व्यवहारात याचा अर्थ बहुतेक वेळा रॅली असा होतो. बालदिन, बालकामगार विरोधी दिन, बालविवाह प्रतिबंध. मुलांच्या हातात फलक, पुढे ढोल, मागे विद्यार्थी. रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या त्यांनी सहभाग म्हणून धरल्याच नाहीत. मुलांना आपल्या कामासाठी वापरणं, मुलांची सजावट करणं आणि नावापुरतं पुढे करणं. फलक धरून उन्हात चालणारं मूल, ज्याला फलकावर काय लिहिलंय ते कोणी विचारलेलं नाही, ते सर्वांत खालच्या पायरीवर आहे. आपल्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात सोळा तत्त्वं दिलीत. त्यांत मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचं तत्त्व आहे, आणि मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा हेही आहे. तत्त्वं पाठ असतात हो, परीक्षेला येतात. रॅलीच्या दिवशी आठवत नाहीत.

सहभागाचा खरा अर्थ बघायचा तर लांब जायला नको. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथं आल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. आता ‘पालकांची उदासीनता’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावर, लोकांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. मोठी मुलं गुरांमागे जात होती, म्हणून शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. इथं बदललं कोण? मुलं किंवा आईबाप बदलले नाहीत, आधी संस्था बदलली. समुदायाला आपल्या कार्यक्रमात सामील करून घेणं आणि समुदायाच्या दिनक्रमात आपण सामील होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिलीला दुसरीचं नाव दिलंय.

लगेच कोणी म्हणेल, त्यांनी आयुष्य दिलं, आमच्या विद्यार्थ्याकडे 60 तास आहेत. बरोबर. म्हणून 60 तासांची एक गोष्ट सांगते, आणि तीत चूक माझी आहे.

एक विद्यार्थिनी होती. जरा अबोल. तिला गाणी घेता यायची नाहीत, खेळ घेता यायचे नाहीत. संस्थेतल्या ताईंनी तिला बाल संगोपन योजनेच्या कामाला लावलं. ही योजना तुम्हाला माहीत असेल. आई किंवा वडील नसलेल्या, किंवा सांभाळणं अवघड झालेल्या मुलाला संस्थेत न टाकता घरातच वाढवता यावं म्हणून शासन दरमहा ठरावीक रक्कम देतं. अर्ज बाल कल्याण समितीपुढे जातो. रक्कम मोठी नाही. पण तेवढ्यावर मूल घरी राहतं की बालगृहात येतं, हे ठरणारी घरं आहेत.

अर्जाला कागद लागतात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, आधार, बँकेचं पासबुक, आणि वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला. या दाखल्याशी येऊन बऱ्याच बाया थांबतात. दाखल्यावर ‘बाळू’, आधारवर ‘बाळासाहेब’, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. माणूस एकच, पण कागदावर तीन. ही मुलगी 60 तास बायांबरोबर फिरली. नोंदणी कार्यालय, तलाठी, सेतू केंद्र, बँक. अकरा घरं. तिचा अहवाल इतका रुक्ष होता की सांगता सोय नाही. ‘मंगळवार. साहेब रजेवर. परत.’ ‘गुरुवार. सर्व्हर बंद. परत.’ ‘शुक्रवार. प्रतिज्ञापत्र पाहिजे म्हणाले. पहिल्या वेळी सांगितलं नव्हतं.’ फोटो नाहीत. जनजागृती नाही. प्रतिसाद नाही, उत्स्फूर्त तर नाहीच.

मी तिला ‘क’ दिला. शेरा लिहिला, ‘उपक्रमांची विविधता कमी, मुलांशी थेट संपर्क नाही.’

दोन वर्षांनी त्याच संस्थेत गेले. टेबलावर एक शंभरपानी वही, कव्हर फाटून परत चिकटवलेलं. मी विचारलं, हे काय? तिथल्या ताई म्हणाल्या, “तुमच्या त्या मुलीची वही. कुठल्या कागदाला कुठली खिडकी, कुठल्या वारी साहेब असतात, नाव चुकलं तर कोणतं प्रतिज्ञापत्र, सगळं लिहून ठेवलंय तिनं. आम्ही अजून वापरतो, भर घालत जातो.” वहीत तोवर आणखी तीन जणींचं अक्षर होतं.

आता माझ्या शेऱ्यातलं ‘मुलांशी थेट संपर्क नाही’ हे वाक्य परत वाचा. तो मी दोष म्हणून लिहिला होता. साडेसात आठवड्यांसाठी आलेल्या माणसानं मुलांशी थेट संपर्क न ठेवणं, हाच तिच्या कामाचा सर्वांत मोठा गुण होता. तिनं कुठल्याही मुलाला लळा लावून सोडलं नाही.

अकराच्या अकरा अर्ज मंजूर झाले, असं सांगून मी गोष्ट गोड करणार नाही. झाले नाहीत. काही अडकलेच. पण ते का अडकले हे वहीत लिहिलेलं होतं, आणि ते कारण ‘पालकांचे अज्ञान’ नव्हतं.

एक आक्षेप रास्त आहे, तो घेते. कोणी म्हणेल, बाई, तुम्ही मुलांना भेटूच नका म्हणता. मग विद्यार्थी शिकणार कसा? बालगृहातल्या मुलांकडे एरवी येतं तरी कोण? काळजीवाहक थकलेल्या असतात, अधीक्षक कागदांत बुडालेले असतात. आठवड्यातून दोनदा कोणी येऊन पत्ते खेळलं तर ते काय वाईट? वाईट नाही. मी त्या मुलाबरोबर कॅरम खेळले, तो खराच आनंद होता, त्याचाही आणि माझाही. माझा विरोध खेळण्याला नाही. खेळ, लळा आणि ‘समुपदेशन’ यांच्यात फरक न करता एकवीस वर्षांच्या मुलीला आत सोडण्याला आहे. पहिल्याच आठवड्यात मुलाकडून ‘पार्श्वभूमी’ काढून घ्यायला लावण्याला आहे.

मग करायचं काय? मी चार गोष्टी सुचवते. मोठ्या नाहीत.

एक, कामाची वाटणी मुदतीप्रमाणे करा. 60 तासवाल्यांनी खिडक्यांची, कागदांची, वह्यांची कामं करावीत. ज्यांना पूर्ण वर्ष आहे आणि ज्यांच्यामागे देखरेख करणारं माणूस आहे, त्यांनीच मुलांबरोबरचं काम घ्यावं.

दोन, हस्तांतराची वही. पुढच्या विद्यार्थ्याला आधीच्यानं लिहून ठेवायचं की काय विचारून झालंय, काय परत विचारू नये, कोणाला काय कबूल केलंय. मुलांच्या खासगी गोष्टी त्यात नकोत, त्या संस्थेच्या फाइलीत राहू देत. त्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र या वहीत असलं पाहिजे.

तीन, मूल्यमापनातले थोडे गुण संस्थेतल्या कार्यकर्तीच्या हातात द्या, आणि तिला एकच प्रश्न विचारा. ही विद्यार्थिनी गेल्यावर तुमचं काम कमी झालं की वाढलं?

चार, निरोप. यावर बोलून थांबते.

आपल्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. अशुभ वाटतं. आपण ‘येते’ म्हणतो. ‘येते हं.’ घरातल्या मुलाला त्याचा अर्थ कळतो, कारण संध्याकाळी आई खरंच येते. बालगृहातल्या मुलाला आयुष्यात बऱ्याच जणांनी ‘येते’ म्हटलेलं असतं.

माझं क्षेत्रकार्य मार्चमध्ये संपलं. शेवटचा दिवस आहे हे मी त्या मुलाला सांगितलं नाही. रडेल, असं मला वाटलं. खरं म्हणजे मी रडेन अशी भीती होती. नेहमीसारखी वही बंद केली आणि म्हटलं, “येते हं.” तो कॅरमच्या सोंगट्या लावत होता. मान वर न करता म्हणाला, “हां.” माझ्या अहवालात शेवटचं वाक्य आहे, ‘मुलांनी प्रस्तुत विद्यार्थिनीस भावपूर्ण निरोप दिला.’ मार्क चांगले पडले.

त्याला तारीख माहीत होती. पहिल्याच दिवशी त्यानं ती विचारून घेतली होती. सांगायची राहिली ती माझ्याकडून. म्हणून इथं बसलेल्या ज्या कोणाचं क्षेत्रकार्य या जूनमध्ये सुरू होणार आहे, त्यांच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. पहिल्या दिवशी नावाबरोबर तारीख सांगा. “मी अमुक. मी अमुक तारखेपर्यंत आहे. त्यानंतर येणार नाही.” मुलांना वाईट वाटेल, कदाचित ती तुमच्याशी कमी बोलतील. बोलू देत कमी. किती बोलायचं ते त्यांना ठरवता आलं पाहिजे.